नवशिक्यासाठी पहिले रिमोट विमान : निवड, जुळणी आणि पहिले उड्डाण

रिमोटवर उडणारे पहिले विमान निवडताना बहुतेकांचे लक्ष आधी त्याच्या रूपाकडे जाते. पुण्यात तर हे अधिकच स्वाभाविक आहे. लोहगावच्या हवाई दलाच्या तळावरून उडणारी सुखोई विमाने पाहत वाढलेल्या मुलामुलींना आपलेही पहिले विमान तसेच टोकदार नाकाचे आणि मागे झुकलेल्या पंखांचे असावे असे वाटते. परंतु शिकण्यासाठी घेतलेल्या विमानाकडून एकच गोष्ट मागावी : चूक झाल्यावर ती ओळखून सुधारण्यासाठी त्याने आपल्याला वेळ द्यावा. विमान जितके सावकाश उडेल, हात सोडल्यावर जितके आपोआप सरळ होईल आणि आदळल्यावर जितके सहज दुरुस्त होईल, तितका हा वेळ वाढतो. पंखाचा आकार, वजन, बॅटरी, गुरुत्वमध्य, रिमोटमधील सेटिंग या सगळ्या गोष्टी याच कसोटीवर पारखून घ्याव्यात.

विमान कसे असावे

ट्रेनर म्हणजे शिकण्याचे विमान म्हणून घ्यायच्या विमानाचा पंख धडाच्या वर बसवलेला असावा आणि समोरून पाहिल्यास त्याची दोन्ही टोके थोडी वर उचललेली दिसावीत. या उचललेल्या कोनाला डायहेड्रल म्हणतात. विमान एका बाजूला कलले की ते त्या बाजूला किंचित घसरू लागते. तेव्हा खाली गेलेल्या पंखाला हवा अधिक कोनातून भिडते, त्याची उचल वाढते आणि विमान पुन्हा सरळ होऊ पाहते. नवशिक्या गोंधळून रिमोटच्या दांड्या सोडून देतो त्या क्षणी नेमकी हीच गोष्ट त्याच्या कामी येते. पंखाचा छेद जाड आणि खालून जवळजवळ सपाट असावा, कारण असा पंख कमी वेगातही पुरेशी उचल देतो आणि वेग फारच घटला तर एकदम कोसळण्याऐवजी नाक हळूच खाली घालतो. पंख धडाच्या खाली असलेली लढाऊ विमानांची मॉडेल, जेटसारखी दिसणारी मॉडेल आणि कसरतींसाठी बनवलेली सरळ पंखांची मॉडेल ही दुसरे किंवा तिसरे विमान म्हणून घ्यावीत.

रूपापेक्षा वजनाकडे अधिक बारकाईने पाहावे. खोक्यावर पंखांची लांबी ठळक छापलेली असते. उड्डाणाला तयार असलेल्या विमानाचे बॅटरीसह वजन मात्र शोधावे लागते. पंखाचे क्षेत्रफळ आणि हे वजन यांचे गुणोत्तर काढले की विमान किती वेगाने उडवावे लागेल याचा अंदाज येतो. समजा पंख १२० सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे क्षेत्रफळ २४ चौरस डेसिमीटर झाले. विमानाचे वजन ८०० ग्रॅम असेल तर प्रत्येक चौरस डेसिमीटरवर सुमारे ३३ ग्रॅम भार येतो आणि असे विमान ताशी साधारण २६ किलोमीटर इतक्या कमी वेगापर्यंत हवेत टिकू शकते. त्याच पंखावर १२०० ग्रॅम लादले तर हा किमान वेग ताशी ३२ किलोमीटरपर्यंत जातो. आकडा वाचताना हा फरक किरकोळ वाटतो, पण उतरण्याच्या वेळी तो फार जाणवतो. पहिल्या विमानासाठी प्रति चौरस डेसिमीटर ३० ते ४० ग्रॅम ही मर्यादा पाळावी. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्याने येथील हवा किनाऱ्यापेक्षा थोडी विरळ आहे; तथापि त्यामुळे किमान वेगात पडणारा फरक दोन-तीन टक्क्यांचाच असतो आणि नवशिक्याने त्याची चिंता करण्याचे कारण नाही.

पंखांची लांबी १.२ ते १.५ मीटर असावी असे माझे ठाम मत आहे. याहून लहान विमान स्वस्त पडते, परंतु शंभर मीटर अंतरावर ते आपल्याकडे येत आहे की दूर जात आहे हेच कळेनासे होते आणि वाऱ्याची लहानशी झुळूकही त्याला हेलकावते. मोठ्या विमानाची अडचण वाहतुकीची. पुण्यातील बहुसंख्य मंडळी मैदानावर दुचाकीनेच जाणार असल्याने दोन तुकड्यांत सुटणारा, मधल्या कार्बन नळीवर बसणारा आणि स्क्रूने आवळला जाणारा पंख असलेले मॉडेल निवडावे. सुटे भाग पाठीवरच्या लांब पिशवीत किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात व्यवस्थित मावतात.

धडाचे आणि पंखांचे साहित्य ईपीओ किंवा ईपीपी फोम असावे. हा फोम आदळल्यावर दबतो किंवा तुटतो, पण त्याचा भुगा होत नाही, आणि तुटलेला भाग गोंदाने जोडून त्याच दिवशी पुन्हा उडवता येतो. बाल्सा लाकडाची आणि मिथेनॉलच्या इंधनावर चालणाऱ्या इंजिनाची जुनी ट्रेनर विमाने अनेकदा कमी किमतीत मिळतात. ती उडतात सुंदर, मात्र त्यांची दुरुस्ती हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि इंजिन सुरू करून त्याची इंधनाची सुई जुळवण्यातच नवशिक्याची सकाळ संपते. ज्यांना हाताने विमान बांधायची आवड आहे त्यांनी फोम शीटचे साधे उंच पंखाचे मॉडेल बांधावे. कापण्याची सुरी, पट्टी आणि शीट अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात मिळू शकतात; वायर, उष्णतेने आक्रसणाऱ्या नळ्या, सोल्डरिंगचे साहित्य आणि मल्टिमीटर यांसाठी बुधवार पेठेतील तपकीर गल्ली गाठावी.

मोटर नाकावर असावी की पंखामागे, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. पंखामागे, धडाच्या वर मोटर असलेल्या विमानात नाक आपटले तरी पंखा (प्रोपेलर) आणि मोटरचा दांडा वाचतो, म्हणून गवताळ किंवा ओबडधोबड जागेवर शिकणाऱ्यांना हा प्रकार सोयीचा आहे. मात्र असे विमान हाताने फेकताना फिरता पंखा फेकणाऱ्याच्या हाताच्या मागे असतो, त्यामुळे विमान हातातून पूर्ण सुटल्याशिवाय थ्रॉटल, म्हणजे मोटरला शक्ती, देऊ नये. नाकावर मोटर असलेल्या विमानासोबत दोन-तीन जादा पंखे पहिल्याच दिवशी घेऊन ठेवावेत.

रिमोटवरून स्वतंत्रपणे चालवता येणाऱ्या प्रत्येक गोष्टीसाठी एक चॅनेल लागतो. तीन चॅनेलच्या विमानात थ्रॉटल, एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी आडव्या शेपटावरची पट्टी) आणि रडर (डावी-उजवीकडे वळवणारी उभ्या शेपटावरची पट्टी) असतात, तर चार चॅनेलच्या विमानात विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्या, म्हणजे एलेरॉनही येतात. एकट्याने शिकणाऱ्यासाठी तीन चॅनेल सोपे आहेत यात शंका नाही, कारण भरपूर डायहेड्रल असलेले विमान केवळ रडरने नीट वळते. तरीही शेजारी उभा राहून शिकवणारा कोणी असेल तर मी चार चॅनेलचेच विमान सुचवीन. एलेरॉनने वळण्याची सवय पुढच्या प्रत्येक विमानात उपयोगी पडते आणि वाऱ्यात कललेले विमान सरळ करणे एलेरॉनने अधिक जलद होते.

हल्ली अनेक ट्रेनर विमानांच्या रिसीव्हरमध्ये, म्हणजे रिमोटचे सिग्नल घेणाऱ्या विमानातील भागात, जायरो असतो. तो विमानाचा कल ओळखून स्वतःच सुधारणा करतो आणि एका बटणाने विमान सरळ करतो. ही सोय स्वीकारण्यात कमीपणा मानू नये. फक्त जायरो बंद करूनही स्थिर उडेल असेच विमान असावे, कारण मुळात अस्थिर असलेल्या विमानाचे दोष जायरो झाकून ठेवतो आणि शिकणाऱ्याला ते कधी उमगतच नाहीत.

रिमोट, बॅटरी आणि चार्जर

पैसे वाचवायचेच असतील तर विमानात वाचवावेत, रिमोटमध्ये आणि चार्जरमध्ये नाही. विमाने मोडतात आणि बदलतात. चांगला रिमोट वर्षानुवर्षे टिकतो. २.४ गिगाहर्ट्‌झवर चालणारा, किमान सहा चॅनेलचा, एकापेक्षा अधिक विमानांची सेटिंग साठवणारा आणि संगणकावरील सिम्युलेटरला जोडता येणारा रिमोट घ्यावा. फ्लायस्काय कंपनीचा एफएस-आय६ हा नवशिक्यांमध्ये रुळलेला सहा चॅनेलचा रिमोट आहे. मोड दोनमध्ये थ्रॉटल डाव्या हाताला असते, मोड एकमध्ये उजव्या हाताला. आपल्याला जो शिकवणार आहे त्याचा मोड तोच आपला मोड ठेवावा, म्हणजे अडचणीच्या क्षणी रिमोट त्याच्या हातात देता येतो.

वर उल्लेखलेल्या ८०० ग्रॅमच्या विमानाला प्रति किलो १५० ते २०० वॉट या हिशेबाने १२० ते १६० वॉट शक्ती पुरते. तीन सेलची, ११.१ व्होल्टची, २२०० मिलीअँपिअर-तासांची लिथियम पॉलिमर बॅटरी, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातील लायपो, एवढी शक्ती सहज देते. मोटर पूर्ण थ्रॉटलला सुमारे १४ अँपिअर घेईल आणि ३० अँपिअरचा ईएससी, म्हणजे मोटरचा वेग नियंत्रित करणारा भाग, लावल्यास तो गरम न होता काम करील. जास्त क्षमतेची बॅटरी लावून उड्डाण लांबवण्याचा मोह टाळावा. बॅटरीचे वाढलेले वजन किमान वेग वाढवते आणि आपण ज्या वेळेसाठी एवढी खटपट केली तोच वेळ हिरावून घेते.

लायपो चार्ज करताना प्रत्येक सेलचा व्होल्टेज स्वतंत्रपणे समान ठेवणारा बॅलन्स चार्जरच वापरावा. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्टवर असतो, उड्डाणात तो ३.५ व्होल्टच्या खाली नेऊ नये आणि काही दिवस उडवायचे नसेल तर ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावा. २२०० मिलीअँपिअर-तासांच्या बॅटरीला २.२ अँपिअरने चार्ज करावे. चार्जिंग सुरू असताना घराबाहेर जाऊ नये, झोपू नये आणि बॅटरी गादीवर, सोफ्यावर किंवा लाकडी कपाटात ठेवू नये. फरशीवर किंवा रिकाम्या मातीच्या कुंडीत ठेवून जवळ बसावे. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये आणि कचऱ्याच्या बादलीत टाकू नये, ती ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडेच द्यावी. पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत किंवा बंद गाडीत लायपो ठेवणे धोक्याचे आहे. उलट डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे थंडीमुळे बॅटरीचा जोर कमी पडतो; तेव्हा ती उड्डाणाआधी जॅकेटच्या खिशात ठेवून कोमट करून घ्यावी.

जुळणी

जुळणी करताना मोटरवरचा पंखा काढून ठेवावा. सर्व सेटिंग पूर्ण होऊन मैदानावर जाण्याची वेळ येईपर्यंत बॅटरी जोडलेली असताना तो कधीही बसवलेला नसावा. रिसीव्हरमधील चुकीच्या जोडणीमुळे किंवा रिमोटवर हात लागल्यामुळे मोटर अचानक फिरली तर पंखा बोटांना खोल जखमा करतो. या एका नियमाला मी कोणताही अपवाद करत नाही.

पंखाचे दोन भाग जोडल्यावर विमान सपाट टेबलावर ठेवून मागून आणि समोरून पाहावे. दोन्ही पंखांची टोके टेबलापासून सारख्या उंचीवर असली पाहिजेत, आडवे शेपूट पंखाला समांतर आणि उभे शेपूट त्याला काटकोनात असले पाहिजे. पंखाच्या टोकापासून शेपटाच्या टोकापर्यंत दोन्ही बाजूंनी दोरीने अंतर मोजावे आणि ते सारखे येईपर्यंत शेपूट चिकटवू नये. खोक्यात दबून पंखाला पीळ पडलेला असेल तर तो हाताने हळूहळू उलट वळवून सरळ करता येतो. गोंद निवडताना एक काळजी घ्यावी : फेव्हिक्विकसारखा झटपट गोंद थर्माकोल आणि डेप्रॉन फोम विरघळवतो, तर ईपीओवर तो चालतो. खात्री नसेल तेव्हा फोमच्या तुकड्यावर एक थेंब टाकून पाहावा, किंवा सरळ इपॉक्सी वापरावे.

नाकावरची मोटर किंचित उजवीकडे आणि खाली झुकलेली दिसेल. हा दोष समजून ती सरळ करू नये. पंख्याचा प्रवाह धडाभोवती पिळत जातो आणि विमानाला डावीकडे ओढतो, शिवाय थ्रॉटल वाढवले की उंच पंखाचे विमान नाक वर उचलते. दोन-तीन अंशांचा हा झुकाव या दोन्ही ओढींना आवर घालण्यासाठी मुद्दाम दिलेला असतो.

त्यानंतर सर्व्होंची, म्हणजे पंख-शेपटावरच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरींची, जुळणी. रिमोट चालू करून सर्व ट्रिम, म्हणजे पट्ट्यांचा मध्य किंचित सरकवणाऱ्या रिमोटवरच्या कळा, शून्यावर आणाव्यात, मग विमानाची बॅटरी जोडावी आणि सर्व्हो आपोआप मध्यावर आल्यावरच त्यांचे हात पुशरॉडला (पट्टीपर्यंत जाणाऱ्या तारेला) काटकोनात बसवावेत. एलेरॉन, एलिव्हेटर आणि रडर पंखाच्या रेषेत येईपर्यंत पुशरॉडच्या टोकाची कडी, म्हणजे क्लेव्हिस, फिरवून त्याची लांबी जुळवावी. हे काम रिमोटच्या ट्रिमने उरकण्याची सवय लावू नये, कारण ट्रिम मैदानावरील सुधारणांसाठी राखून ठेवायची असते. रिसीव्हरमध्ये तारा लावताना कंपनीनुसार क्रम बदलतो हे ध्यानात ठेवावे. फ्लायस्कायमध्ये सहसा पहिला चॅनेल एलेरॉन, दुसरा एलिव्हेटर, तिसरा थ्रॉटल आणि चौथा रडर असा क्रम असतो, तर स्पेक्ट्रममध्ये थ्रॉटल पहिल्या क्रमांकावर येते.

मग विमानाच्या मागे, त्याच दिशेला तोंड करून उभे राहावे आणि प्रत्येक पट्टीची दिशा तपासावी. दांडी उजवीकडे नेल्यावर उजव्या पंखाचा एलेरॉन वर आणि डाव्याचा खाली गेला पाहिजे. एलिव्हेटरची दांडी स्वतःकडे ओढल्यावर एलिव्हेटर वर उचलला गेला पाहिजे. रडरची दांडी उजवीकडे नेल्यावर रडर उजवीकडे वळला पाहिजे. विमानाच्या समोर बसून ही तपासणी केल्यास डावे-उजवे उलटे भासते आणि चूक नजरेतून सुटते, म्हणून मागे उभे राहण्याचा आग्रह धरावा. जायरो असेल तर त्याचीही तपासणी याच वेळी करावी : विमान हातात धरून उजवीकडे कलवले की उजवा एलेरॉन खाली जाऊन तो पंख उचलू पाहील, आणि नाक खाली केले की एलिव्हेटर वर जाईल. जायरोची दिशा उलटी असेल तर विमान हातातून सुटताच कोलांटी घेऊन जमिनीवर आदळते.

गुरुत्वमध्य

साऱ्या जुळणीत सर्वांत जास्त वेळ कशाला द्यावा असे कोणी विचारले तर माझे उत्तर गुरुत्वमध्य हेच असेल. पंख वाकडा असला तर ट्रिमने सावरता येतो, शक्ती कमी असली तरी विमान कसेबसे उडते, पण गुरुत्वमध्य मागे गेलेले विमान कुशल हातांनाही जुमानत नाही. त्याचे नाक एकदा वर गेले की ते आणखी वर जाऊ पाहते, खाली गेले की आणखी खाली. स्वतःहून सरळ होण्याचा गुण, ज्यासाठी आपण ट्रेनर घेतले, तोच नाहीसा होतो.

सरळ आयताकृती पंखाच्या ट्रेनरमध्ये गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३३ टक्क्यांवर असावा. आपल्या उदाहरणातील २० सेंटिमीटर रुंद पंखात हे अंतर ५ ते ६.६ सेंटिमीटर येते. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला आकडा असेल तर तोच प्रमाण मानावा आणि पहिल्या उड्डाणासाठी त्यातील पुढची मर्यादा धरावी. पंखाच्या खालच्या बाजूला, धडाच्या दोन्हीकडे, मोजून टेपचे छोटे तुकडे चिकटवावेत. बॅटरी तिच्या जागी पट्ट्याने आवळून, पंखा आणि सर्व झाकणे बसवून, मोटर सुरू होणार नाही अशा रीतीने बॅटरीची जोडणी मात्र न करता, दोन बोटांच्या टोकांवर विमान त्या खुणांपाशी उचलावे. ते सपाट राहिले किंवा नाक अगदी किंचित खाली झुकले तर जुळणी योग्य आहे. शेपूट खाली जात असेल तर बॅटरी पुढे सरकवावी, नाक फारच झुकत असेल तर मागे. शिसे किंवा नाणी चिकटवून तोल साधण्याआधी बॅटरीची जागा बदलून पाहावी, कारण प्रत्येक जादा ग्रॅम विमानाला वेगवान करतो. योग्य जागा सापडली की बॅटरीच्या कडेची रेघ धडाच्या आत मार्करने आखून ठेवावी, म्हणजे मैदानावरील घाईतही बॅटरी दर वेळी तिथेच बसेल.

रिमोटमधील सेटिंग

पहिल्या उड्डाणासाठी एलेरॉन आणि एलिव्हेटर दोन्ही बाजूंना १० ते १२ मिलिमीटर आणि रडर १५ ते २० मिलिमीटर हलेल एवढीच मर्यादा ठेवावी. पुस्तिकेत वेगळे आकडे असतील तर ते घ्यावेत. दांडीच्या मध्याजवळची हालचाल मवाळ करणारी एक्स्पो नावाची सोय २० ते ३० टक्के ठेवल्यास थरथरत्या बोटांचे धक्के विमानापर्यंत पोहोचत नाहीत.

फेलसेफ तपासल्याशिवाय घराबाहेर पडू नये. रिमोटचा संपर्क तुटला तर मोटर बंद झाली पाहिजे, अन्यथा भरकटलेले विमान पूर्ण शक्तीनिशी वस्तीच्या दिशेने जाऊ शकते. पंखा काढलेल्या स्थितीत मोटर थोडी फिरवून रिमोट बंद करावा. मोटर लगेच थांबली तर फेलसेफ बरोबर आहे. एरवी मात्र रिमोट नेहमी आधी चालू करायचा आणि शेवटी बंद करायचा.

ही सगळी जुळणी चालू असताना संध्याकाळी संगणकावर सिम्युलेटरचा सराव सुरू करावा. पिकासिम हा सिम्युलेटर विनामूल्य मिळतो. त्यात विमान आपल्याकडे येत असताना ते सरळ ठेवण्याचा सराव सर्वांत अधिक करावा, कारण तेव्हा डावे-उजवे उलटे होते. यावर सोपा उपाय असा की, येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली गेला आहे त्याच बाजूला दांडी न्यावी, जणू त्या पंखाला खालून टेकू देत आहोत.

जागा, नियम आणि हवा

भारतात ड्रोन नियम, २०२१ नुसार मानवरहित विमानांचे वजनावरून वर्गीकरण होते आणि त्यात एरोप्लेन हा प्रकारही येतो. २५० ग्रॅमपेक्षा जास्त आणि दोन किलोपर्यंतचे विमान मायक्रो वर्गात मोडते. आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल असे विभाग डिजिटल स्काय या सरकारी मंचावरील नकाशात दाखवलेले असतात. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फूट, म्हणजे ६० मीटरपर्यंतचेच आकाश हिरव्या विभागात धरले जाते. पुण्यात या नकाशाला विशेष महत्त्व आहे. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा आहे, खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, पाषाण आणि दिघी परिसरात संरक्षण संशोधनाच्या संस्था आहेत, आणि पुणे व खडकी अशी दोन कटक मंडळे शहराला लागूनच आहेत. घराजवळचे मैदान मोकळे दिसते एवढ्यावरून तिथे उडवता येईल असे गृहीत धरू नये. नकाशा आणि नोंदणीचे लागू नियम पाहूनच जागा ठरवावी.

वेताळ टेकडी, तळजाई किंवा हनुमान टेकडी अशा जागांचा विचार पहिल्या उड्डाणासाठी करू नये. तेथे सकाळ-संध्याकाळ फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते आणि टेकडीच्या आडोशाच्या बाजूला वारा घुसळून खाली येतो. शहराबाहेर, मालकाच्या परवानगीने, कापणी झालेले मोकळे रान मिळाले तर ते उत्तम. साधारण १५० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद जागा असावी, तिच्या आसपास रस्ता, वस्ती, उच्चदाबाच्या तारा आणि विहिरी नसाव्यात.

थंडीच्या महिन्यांतील सकाळ पुण्यात शिकण्यासाठी सर्वांत चांगली. सूर्य वर आल्यानंतर तासा-दीड तासापर्यंत हवा शांत असते. उन्हाळ्यात अकरानंतर तापलेल्या जमिनीवरून उठणारे झोत विमानाला खालीवर फेकतात आणि दुपारनंतर पश्चिमेचा वारा वाढतो. ताशी १० किलोमीटरहून अधिक वारा असेल तर पहिले उड्डाण पुढे ढकलावे. संक्रांतीच्या आगेमागे पतंगांचा मांजा आकाशभर असतो, त्या दिवसांत विमान घरीच ठेवावे. घारी विमानाजवळ येऊन घिरट्या घालतात; त्यांच्याशी खेळ न करता थ्रॉटल कमी करून विमान उतरवावे.

पहिले उड्डाण

मैदानावर पंखा बसवून त्यावरचे आकडे असलेली बाजू उडण्याच्या दिशेला आहे ना हे पाहावे आणि नट घट्ट आवळावा. रिमोटमध्ये रेंज तपासणीची सोय असेल तर कमी केलेल्या सिग्नलवर तीस पावले दूर जाऊन सर्व पट्ट्या नीट हलतात का ते पाहावे. पाठीमागे सूर्य राहील अशी उभी राहण्याची जागा ठरवावी आणि पायलटने तिथून हलू नये. विमान नेहमी आपल्या समोर ठेवावे, डोक्यावरून किंवा मागे जाऊ देऊ नये.

खडबडीत जमिनीवर चाके काढून विमान हाताने सोडणे बरे. अनुभवी साथीदाराने वाऱ्याच्या तोंडावर, पंख अगदी सपाट आणि नाक क्षितिजाच्या किंचित वर ठेवून, भाल्यासारखे जोराने पण सरळ फेकावे. नाकावर मोटर असेल तर तीन चतुर्थांश थ्रॉटल आधीच द्यावे. विमान सुटल्यावर लगेच एलिव्हेटर ओढू नये. त्याला वेग घेऊ द्यावा आणि मग संथपणे वर न्यावे.

सुमारे ४० मीटर उंचीवर पोहोचल्यावर थ्रॉटल निम्म्यावर आणावे आणि दांड्यांवरचा भार काढून पाहावे. विमान ज्या बाजूला ओढते त्याच्या उलट बाजूला एकेक टिक ट्रिम द्यावी. मग मोठी, रुंद वळणे घ्यावीत : थोडा एलेरॉन, विमान कलले की दांडी मध्यावर, नाक खाली जाऊ नये म्हणून हलका एलिव्हेटर, आणि वळण संपताना उलटा एलेरॉन. वाऱ्याबरोबर जाणारे विमान जमिनीच्या तुलनेत फार वेगाने पळताना दिसते आणि नवशिक्याचा हात आपसूक थ्रॉटल कमी करतो; पण पंखाला जाणवणारा हवेचा वेग तेवढाच असतो, त्यामुळे विमान थबकून एका पंखावर कोसळते. वळणात थ्रॉटल कमी करू नये, हे विशेषतः वाऱ्याबरोबरच्या वळणात पाळावे.

उतरण्याचा सराव बॅटरी भरलेली असतानाच, उंचीवर करून घ्यावा. थ्रॉटल पूर्ण काढून विमान कसे तरंगत खाली येते ते दोन-तीनदा पाहावे आणि मग प्रत्यक्ष उतरण्यासाठी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, दूरवरून, लांब आणि सरळ मार्ग धरावा. जमिनीपासून एक मीटरवर थ्रॉटल बंद करून एलिव्हेटर अगदी थोडा ओढावा. उंची चुकली असे वाटले तर नाक खाली दाबण्याऐवजी थ्रॉटल वाढवून पुन्हा फेरी मारावी.

पहिल्या उड्डाणासाठी रिमोटच्या टायमरवर सहा मिनिटे लावावीत. उतरल्यावर बॅटरी आधी सोडावी, मग रिमोट बंद करावा. मोटरचे स्क्रू, सर्व्होचे हात, पंख्याच्या कडा आणि सांधे तपासावेत. ट्रिम बरीच सरकली असेल तर तेवढा फरक क्लेव्हिसने भरून काढून ट्रिम पुन्हा शून्यावर आणावी. एलिव्हेटर अंगावर येण्याइतका चपळ वाटला असेल तर बॅटरी पाच मिलिमीटर पुढे सरकवून पुढचे उड्डाण करावे. घरी चार्ज करताना बॅटरीत किती मिलीअँपिअर-तास परत भरले याचा आकडा वहीत लिहावा. सहा मिनिटांत ११०० खर्च झाले असतील तर मिनिटाला सुमारे १८३ लागतात, आणि २२०० पैकी ८० टक्के म्हणजे १७६० एवढेच वापरायचे असल्याने ती बॅटरी साडेनऊ मिनिटे पुरेल. वारा लागला तर खर्च वाढतो आणि एखादी फेरी जादा मारावी लागते, म्हणून टायमर आठ मिनिटांवर ठेवावा.